गाव रिकामं होतंय, मग डोळ्याच्या ओपीडीत म्हातारे वाढले कुठून? विदर्भातल्या एका दवाखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस एका ट्रस्टच्या डोळ्याच्या दवाखान्याची. तालुक्याचं गाव, विदर्भातलं, याच्या पुढची ओळख देत नाही. माणसांची, गावांची नावं काढून टाकलीत आणि एक-दोन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी डॉक्टर नाही. कॅम्प, बाहेरचं केंद्र, गाडी, डिझेल, आशाताईंचे फोन आणि रजिस्टर हे माझं खातं होतं.

मेन दवाखान्यात एक फुलटाइम सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर) आठवड्यातून दोन दिवस. तिथून साधारण पस्तीस किलोमीटरवर, आठवडी बाजाराच्या एका गावात आमचं छोटं केंद्र. दोन खोल्या, एक स्लिट लॅम्प (डोळा तपासायचं मशीन), चष्म्याचं काउंटर, एक ऑप्टोमेट्रिस्ट मॅडम (म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या; त्याच भागातल्या, शेतकऱ्याची मुलगी) आणि एक हेल्पर. आजूबाजूला वीसेक गावं. कापूस, तूर, सोयाबीन, ओलीत फारसं नाही. शिकलेली पोरं पुण्याला, जी शिकली नाहीत ती हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत नाहीतर सरळ सुरतला. दर वर्षी कुठल्या तरी झेडपी शाळेतला एक वर्ग कमी होतो. हे विदर्भात कोणाला नवीन नाही.

केंद्र चालायचं ते चष्म्यावर. शाळकरी पोरं, बाइकवर धूळ खाणारे तरुण, कॉलेजच्या मुली, यांच्या चष्म्यातून मॅडमचा पगार आणि खोलीचं भाडं निघायचं. मोतीबिंदूवाले लोक मेन दवाखान्यात पाठवायचे, त्याचे केंद्राला पैसे नाहीत.

प्रश्न कसा समोर आला

ट्रस्टींची मीटिंग. एक ट्रस्टी, रिटायर्ड बँकवाले, माणूस चांगला आणि आकडे नीट बघणारा, त्यांनी कागद काढला. केंद्राची ओपीडी तीन वर्षं सलग खाली, चष्मे खाली, केंद्रातून येणारी ऑपरेशनं जिथल्या तिथं. वरून जनगणना. वर्धा जिल्ह्याचं उदाहरण दिलं त्यांनी, २००१ मधे १२.३७ लाख लोक, २०११ मधे १३.०१ लाख, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम पाच टक्के वाढ, जेव्हा अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढत होता. आणि ते २०११ चं, त्यानंतर तर गावं अजून रिकामी झाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, माणसंच नाहीत तर डोळे कुठून आणणार, केंद्र बंद करा आणि महिन्यातून एकदा गाडी पाठवून कॅम्प घ्या.

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही ते पटलं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं की मॅडमशी बोलून सांगतो.

मॅडमनी तिन्ही वर्षांची रजिस्टरं काढली आणि म्हणाल्या, सर टोटल नका बघू, वयाचा रकाना बघा. आम्ही दोघं दोन दिवस बसून पानं उलटली. विशीच्या आतले आणि तिशीतले लोक भराभर कमी झालेले आणि साठीच्या वरचे वाढलेले, वाढलेले म्हणजे टक्क्यात नाही तर डोक्यांनी. पोरांची गळती मोठी होती म्हणून टोटल खाली दिसत होती आणि त्या टोटलखाली म्हाताऱ्यांची वाढ झाकली गेली होती.

याचं गणित तसं सोपं आहे पण कोणी मांडत नाही. समजा हजार वस्तीचं गाव, त्यात साठीच्या वरचे शंभर. दहा-बारा वर्षांत दीडशे तरुण बाहेर गेले, जन्म कमी झाले, गाव नऊशेवर आलं. पण जे तेव्हा पन्नाशीत होते ते काही कुठे गेले नाहीत, ते आता साठीत आले आणि आधीपेक्षा जास्त जगतायत. साठीवाले दीडशे झाले असतील तर गाव दहा टक्क्यांनी घटलं आणि मोतीबिंदूचं गिऱ्हाईक दीडपट झालं. राज्यपातळीवर पण दिशा हीच. एनएफएचएस-५ मधे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे, म्हणजे एका बाईमागे दोनपेक्षा कमी मुलं. देशात साठीच्या वरचे २०२२ मधे १०.५ टक्के होते, २०५० पर्यंत २०.८ टक्के होतील असा अंदाज आहे. आणि डोळ्यांचं दुखणं वयासोबत सरळ रेषेत वाढत नाही, उडी मारतं. २०१५-१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीतल्या लोकांत अंधत्व ०.५ टक्के आणि ऐंशीच्या वर ११.६ टक्के निघालं, आणि पन्नाशीच्या पुढच्या अंधत्वात ६६ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा. म्हणून गावात किती माणसं यापेक्षा किती म्हातारी माणसं हे महत्त्वाचं.

मग पुढचा प्रश्न आला, आणि खरी गोम तिथेच होती. पेशंट वाढले तर ऑपरेशनं का नाही वाढली? मॅडम तर ‘ऑपरेशन सांगितलं’ असं लिहून चिठ्ठी देत होत्या. चिठ्ठ्या वाढत गेलेल्या, मेन दवाखान्यात पोचलेली माणसं तेवढीच. मधले कुठे गळाले?

हे सापडलं ते हेल्परमुळे. तिला सवय होती, नावापुढे बारीक अक्षरात सोबत कोण आलं ते लिहायची, कारण थेंब टाकल्यावर पेशंटला दिसत नाही आणि मग कोणाला हाक मारायची हे तिला लागायचं. जुन्या पानांवर ‘मुलगा’, ‘सून’, ‘नातू’. नंतर ‘नातू ८वी’. आणि शेवटच्या वर्षात पानंच्या पानं ‘एकटी’, ‘एकटी’, ‘शेजारीण’, ‘एकटे’.

आणि आमच्या दवाखान्याचा नियम काय? ऑपरेशनला सोबत नातेवाईक पाहिजे, फॉर्मवर त्याची सही पाहिजे.

एका आजींना मी फोन केला, चिठ्ठी घेऊन सात महिने झाले होते. त्या म्हणाल्या, “बाप्पा, दोन पोट्टे हायेत मले. एक पुन्याले, एक सुरतले. सई कोन करन? दिवाईले येतीन तवा पाहू.” मी म्हटलं मग दिवाळीला या. तर म्हणे, “मागच्या दिवाईले आलो होतो ना, तुमचाच दवाखाना बंद होता.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही सुचलं नाही. पोरगा गावात असतो वर्षातून आठ-दहा दिवस, आणि नेमके तेच दिवस आमचा स्टाफ सुट्टीवर.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ट्रस्टींचा, केंद्र बंद आणि महिन्याला कॅम्प. पैसे नक्की वाचले असते. पण कॅम्प म्हणजे फक्त तपासणी, ऑपरेशन पक्क्या ओटीतच करायचं आणि ते योग्यच आहे, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटर यायचा प्रश्न तसाच. दुसरं म्हणजे कॅम्पमधे पिकलेला मोतीबिंदू पकडला जातो, काचबिंदू आणि शुगरचा डोळा (शुगरमुळे आतला पडदा, म्हणजे रेटिना, खराब होतो तो) निसटतो, त्याला परत परत बघणारं कोणी जवळ लागतं. आणि कॅम्पची तारीख तूर सोंगायच्या दिवसांत पडली की मंडपात आम्ही आणि खुर्च्या.

दुसरा पर्याय सर्जनसाहेबांचा. नवीन फेको मशीन (बारीक छेदातून मोतीबिंदू काढायचं) घ्या, नागपूरहून दुसरा सर्जन बोलवा, क्षमता वाढवा. मला हे तेव्हा श्रीमंती वाटली. मशीनवर पेशंट आणायचा तर तो पोचला पाहिजे, आणि पोचतच नाही ही तर आपली तक्रार. पुढे मी याबाबतीत निम्मा चुकलो, ते खाली येईल.

तिसरा पर्याय केंद्रातच ऑपरेशन. यावर दहा मिनिटंही चर्चा झाली नाही. दोन खोल्यांत निर्जंतुक ओटी होत नाही, इन्फेक्शन झालं तर संपलं.

चौथा, जो शेवटी घेतला, तो म्हणजे पेशंटचा रस्ता छोटा करायचा आणि नातेवाईकाची गरज जमेल तितकी काढून टाकायची. आधी पेशंटच्या फेऱ्या मोजल्या. केंद्रात एक, मेन दवाखान्यात डोळ्यात बसवायच्या लेन्सचं माप, बीपी, शुगरसाठी दुसरी, ऑपरेशनला तिसरी, आठवड्याने चौथी, महिन्याने पाचवी. प्रत्येक फेरीला सोबतचा एक माणूस, म्हणजे दुसऱ्याची एक मजुरी बुडाली. हे सगळं एका डोळ्यासाठी.

निर्णय आणि त्यावरची भांडणं

सगळ्यात जास्त वाद सहीवर झाला. सर्जनचं म्हणणं, उद्या काही झालं तर तोच पुण्याचा पोरगा दहा माणसं घेऊन येईल आणि विचारेल मला न विचारता आईच्या डोळ्याला हात कसा लावला. भीती खोटी नव्हती. पण शुद्धीतल्या, समजणाऱ्या मोठ्या माणसाची संमती ही त्याची स्वतःची असते, मुलाची सही हा आम्ही घालून घेतलेला नियम होता. शेवटी ठरलं असं की पेशंटची सही किंवा अंगठा, आमच्याकडचा नसलेला एक साक्षीदार, आणि मुलाला स्पीकरवर फोन. फोन परवानगीसाठी नाही, माहितीसाठी. यात एक मजा झाली, अर्ध्या पोरांना आईला दिसत नाही हेच माहीत नव्हतं, आई फोनवर कधी बोललीच नव्हती.

दुसरं, सोबतीण. प्रत्येक गावातून पाच-सहा पेशंट एकत्र आणायचे आणि त्यांच्यासोबत बचत गटातली एक बाई, रात्रभर मुक्काम आणि नंतर घरोघरी थेंब टाकायचं काम तिच्याकडे. ऑपरेशननंतरचे थेंब महिना-दीड महिना चालतात, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा आणि मग हळूहळू कमी, हात कापणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या डोळ्यात नेम धरून टाकता येत नाही, अर्धी बाटली गालावर जाते. सोबतिणीला पैसे द्यायचे का यावर पण मीटिंग. एक ट्रस्टी म्हणाले हे सेवाकार्य आहे. मी म्हटलं साहेब कापूस वेचायला गेली तर तिला रोख मिळतात, सेवा आपण करू, तिला मजुरी देऊ. शेवटी वेचणीच्या रोजाएवढे ठरले.

तिसरं, लेन्सचं माप, बीपी, शुगर सगळं केंद्रातच, त्यासाठी ए-स्कॅन आणि केराटोमीटर तिकडे हलवलं. आठवड्याची आणि महिन्याची तपासणी पण केंद्रात. पाच फेऱ्यांपैकी मेन दवाखान्याची एकच उरली.

चौथं, वेळ एसटीला बांधली. ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. म्हणजे म्हातारी माणसं आता एकटी निघायला तयार आहेत, फक्त बस लाल पाहिजे, काळीपिवळीला ती सवलत नाही. आमचं केंद्र दहाला उघडायचं आणि परतीची बस तीनला. बाहुली मोठी करायचे थेंब दुपारी टाकले की माणूस बस चुकणार किंवा उन्हात डोळे चोळत फाट्यावर बसणार. मग केंद्र सकाळच्या पहिल्या बससोबत उघडायचं ठरलं आणि बारानंतर थेंब टाकायचे नाहीत.

आणि पाचवं दिवाळी. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज सोडून केंद्र चालू, स्टाफला नंतर बदली सुट्टी. स्टाफ चिडला, का चिडणार नाही, त्यांनाही घर आहे. त्या दिवसांत फक्त तपासणी आणि माप, ऑपरेशनं भाऊबीजेच्या नंतरच्या आठवड्यात. म्हणजे ज्याची पोरं आली आहेत त्यांच्याशी समोर बसून बोलता येईल.

ट्रस्टींना पटवताना एक साधी गोष्ट कामाला आली, मतदार यादी. २०११ ची जनगणना हातात घेऊन आजच्या गावाबद्दल बोलणं म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या सातबाऱ्यावरून आजचं पीक सांगणं. मतदार यादीत प्रत्येकाचं वय असतं. बाहेर गेलेल्या तरुणांची नावं तिथे राहतात आणि वारलेल्यांची पण काही दिवस राहतात, म्हणून ती जशीच्या तशी घेऊन चालत नाही. आशाताईंसोबत बसून फक्त साठीच्या वरची नावं घेतली, एकेक नाव विचारलं, “हाय का? गेले? पोराकडं गेले?” तीन गावांत हे केलं, एका दुपारचं काम. ट्रस्टींना तीन गावांची यादी दाखवली, बंद करायचा ठराव बारगळला.

पुढे काय झालं

पहिल्याच हिवाळ्यात चिठ्ठी घेतलेले लोक भराभर पोचायला लागले. आणि मग ओटी तुंबली. आठवड्याला दोनच दिवस, त्यात आपल्याकडे समजूत अशी की ऑपरेशन थंडीतच करायचं, उन्हाळ्यात डोळा खराब होतो. या समजुतीला काही आधार नाही, आम्ही सांगून सांगून थकलो, पण वेचणी आणि तूर आटोपून माणूस मोकळा होतो तो पण तेव्हाच, त्यामुळे सगळे माघ-फाल्गुनात. तारीख दोन-दोन महिने पुढे जायला लागली. इथे सर्जनसाहेब बरोबर होते. रस्ता मोकळा केला तर पुढे गर्दी होणार हे मला आधी कळायला पाहिजे होतं. ओटीचा तिसरा दिवस नंतर वाढवला, धावपळ करून.

आणखी एक, जे पेशंट आले ते एकदाच आले नाहीत. पहिला डोळा झाला की दुसरा मागतात. वर्ष-दोन वर्षांनी काहींच्या लेन्समागचं पातळ आवरण धुरकट होतं, त्याला यागचं लेझर लागतं. काचबिंदू सापडला की आयुष्यभर थेंब आणि डोळ्याच्या प्रेशरची तपासणी. शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा बघायचा. एक म्हातारा माणूस म्हणजे एक पेशंट नाही, दहा वर्षांत पंधरा-वीस फेऱ्या आहेत, आणि आम्ही स्टाफ ठरवताना डोकी मोजली होती.

शुगरचा डोळा हा आमचा सगळ्यात कच्चा भाग राहिला. पडद्याचं लेझर, इंजेक्शन यासाठी नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवायचो, दोन बसा बदलून, आणि तिथे आमची सोबतीण जात नव्हती. बरेच जण गेलेच नाहीत. शुगरवाल्याला सुरुवातीला दिसत असतं चांगलं, त्यामुळे तो म्हणतो, “दिसून राह्यलं ना मले, काहून जाऊ?”

आता जी गोष्ट सांगायला जड जाते ती. दुसऱ्या हिवाळ्यात सत्तरीच्या एक बाई, एकट्या राहणाऱ्या. ऑपरेशन उत्तम झालं. त्या गावाची सोबतीण चौथ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेली, आम्हाला कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाचव्या दिवशी डोळा लाल, ठणका. शेजारीण म्हणाली गरम पडलं असेल. बाईंनी विचार केला संक्रांतीला पोरगा येणारच आहे, कशाला कोणाला त्रास. पोरगा आला तोवर आत पू झाला होता. लगेच नागपूरला पाठवलं, डोळा काढावा लागला नाही पण नजर जवळजवळ गेली. पोरगा दहा माणसं घेऊन नाही आला. एकटाच आला आणि मला म्हणाला, “भाऊ, मी इथं नव्हतो म्हणून झालं ना हे.” मी त्याला म्हटलं नाही, आमची सिस्टम तोकडी पडली. तेच खरं होतं. आम्ही नातेवाईक काढून टाकला आणि त्याच्या जागी एकच बाई ठेवली, तिला पर्याय ठेवला नाही. त्या गावातल्या पुढच्या तीन जणांनी तारखा रद्द केल्या आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

त्यानंतर गावाला दोन सोबतिणी, आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवशी केंद्रातून फोन. फोनवर एकच विचारायचं, दुखतंय का, लाल आहे का, कालच्यापेक्षा कमी दिसतंय का. एकाला जरी हो आलं तर त्याच दिवशी गाडी.

पैशाचं म्हणाल तर केंद्र अजून तोट्यात आहे. पोरांच्या चष्म्याची जागा चाळिशीच्या चष्म्याने भरून निघत नाही. ट्रस्टने तो तोटा दवाखान्याच्या खर्चात धरायचं ठरवलं, दर वर्षी त्यावर कुरकुर होते आणि दर वर्षी पास होतं.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी वयाचा रकाना बघेन, टोटल नंतर. ओटीचा तिसरा दिवस आधी आणि गावातली यादी नंतर, उलटं नाही. सोबतीण पहिल्यापासून जोडीने. पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा ए-स्कॅनसोबतच मागून घेईन, म्हणजे कोणाला खरंच नागपूरला पाठवायचं ते फोटो बघून ठरेल आणि तेवढ्यांसोबत सोबतीण पाठवता येईल. शाळेतली तपासणी कमी करायचा मोह झाला होता, ती कमी केली नाही हे एक बरं केलं, पोरं कमी आहेत पण फळा न दिसणारं पोरगं एक असलं तरी ते एक आहे.

एका गोष्टीचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही. पेशंट म्हातारे झाले ते ज्या कारणाने, त्याच कारणाने आमचा स्टाफ पण जातोय. मॅडमचं लग्न झालं, नवरा पिंपरीला, त्या गेल्या. जागा भरायला जाहिरात देऊन तीन महिने झाले. एकच पोरगा मुलाखतीला आला, हुशार होता, मशीन सगळ्या येत होत्या. पगार विचारला, क्वार्टर विचारलं, मग दारापर्यंत जाऊन परत वळला आणि म्हणाला, “सर, सगळं ठीक हाय, पन इथं राह्यलो तर मले पोरगी कोन देईन?”